जावयासाठी बुडणारी बाई

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीला पाणी आवडायचं नाही. ऐकायला विचित्र वाटेल, कारण तिचा निम्मा जन्म धुण्यात गेला होता. पण तिचं पाणी मशीनमधलं, झाकणाआडचं, बटण दाबलं की गपगुमान निघून जाणारं. उघड्यावरचं, ज्याचा तळ दिसत नाही असलं पाणी तिला नको वाटे. लहानपणी थोरल्या बहिणीने सांगून ठेवलं होतं, "तू काठावर बस, तुला जमायचं नाही." ती बसली. साठी जवळ आली तरी बसलेलीच होती.

थोरली हॉस्पिटलात मेट्रन होती. निवृत्त झाली तरी तिच्या आवाजातली मेट्रन निवृत्त झाली नाही. तिला मूलबाळ नाही. एका सकाळी जिन्याखाली सापडलेलं तपकिरी पिल्लू तिने घरात घेतलं, आणि पिल्लाने पहिल्याच दिवशी चांगल्या खुर्चीवर बसून दूध मागितलं, ते कोमट नव्हतं म्हणून तोंड फिरवलं आणि तासभर रुसून बसलं. थोरली म्हणाली, "आणायला गेले कुत्रा आणि आला जावई." तेच नाव पडलं. जावई वाढत वाढत वासराएवढा झाला. केस असे, की दिवसातून दोनदा झाडलं तरी तिसऱ्यांदा झाडायला पुरावेत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जावयाला जिन्याखाली मांजर दिसलं. थोरलीच्या मनगटाला पट्टा गुंडाळलेला होता. दोघं एकाच वेळी, एकाच जिन्यावरून, एकमेकांना धरून खाली आली. थोरलीचं खुब्याचं हाड मोडलं, जावयाच्या मागच्या पायाचा गुडघा फाटला, आणि मांजर भिंतीवर चढून पाहत बसलं. दोघांचीही ऑपरेशनं झाली. थोरली हॉस्पिटलात राहिली, आणि जावई आला धाकटीकडे. दुसरं होतंच कोण?

धाकटीचं दुकान खाली, दोन खोल्या वर. नवरा गेल्यापासून ती, दुकान आणि वाफेची इस्त्री असा तिघांचा संसार होता. दुकानात काळे कोट, पांढरे झगे, मखमली पडदे असे ओळीने टांगलेले. त्यांच्यामधून जावई एकदा नुसता चालत गेला, आणि सगळ्या काळ्या कोटांना गुडघ्यापर्यंत तपकिरी काठ लागला. धाकटी संध्याकाळभर चिकटपट्टीने केस उचलत बसली. भीक नको पण कुत्रं आवर, असं लोक उगाच म्हणत नाहीत. पण तिने कुणाकडे भीक तरी कुठे मागितली होती?

टाके निघाल्यावर जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "काकू, पळणं बंद, उड्या बंद, जिना कमीत कमी. पण पायातली ताकद परत यायला हवी. रोज पोहायला न्या. तळं जवळ आहे ना तुमच्या?"

"तळं जवळ आहे," धाकटी म्हणाली, "पण मी त्यापासून लांब आहे."

डॉक्टरीण हसली. धाकटी विनोद करत नव्हती.

रात्री फोन आला. थोरली पलंगावर आडवी पडूनही उंटावरून शेळ्या हाकत होती. "सकाळी लवकर ने, नंतर ऊन चढतं. चेंडू लांब टाक, तो जन्मजात पोहणारा आहे. बाहेर आला की कान पूस, आतून. आणि त्याच्याशी नीट बोल, तुझा स्वर नेहमी वैतागलेला असतो."

"मी वैतागलेली आहे म्हणून असतो, ताई."

"तेच म्हणते मी. वैतागू नकोस." फोन बंद.

तळं गावाच्या मध्यात होतं. एका बाजूला उतरायला पायऱ्या, पुढे वाळूचा उथळ पट्टा, दोरी बांधून आखलेली पोहण्याची जागा, आणि उंच लाकडी खुर्चीवर शिट्टी गळ्यात घालून बसलेला जीवरक्षक. उन्हाळा असल्यामुळे सकाळीच गर्दी. म्हातारे पोहून जात, बायका मुलांना पाण्यात सोडून काठावर गप्पा मारत, कुणी वल्हवायच्या होड्या काढत. कुत्र्यांसाठी दोरीपलीकडचा एक कोपरा राखलेला होता. धाकटी तिथे उभी राहिली. इस्त्रीची पँट, इस्त्रीचा सदरा, पायात दुकानातले बूट, हातात लाल चेंडू.

तिने चेंडू टाकला. जावयाने चेंडू कुठे पडला ते नीट पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसला.

"जा ना," ती म्हणाली.

जावयाने जांभई दिली.

चेंडू वाऱ्याने आत आत जायला लागला. एका होडीवाल्याने तो उचलून परत फेकला. धाकटीने पुन्हा टाकला. जावई पुन्हा बसून राहिला. तिसऱ्यांदा होडीवाला म्हणाला, "बाई, मलाच पळवताय का?" काठावरचे लोक हसले. तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी काठी, तिसऱ्या दिवशी बिस्किटं. बिस्किटं पाण्यात विरघळली आणि बदकांनी खाल्ली. जावई पाण्याच्या कडेला पुढचे पाय भिजवून उभा राही, एखाद्या लग्नात जेवण वाढायची वाट पाहणाऱ्यासारखा. ती चुचकारून थकली, रागावून थकली, हात जोडून झाले. पालथ्या घड्यावर पाणी, आणि इथे तर घडा पाण्यात शिरायलाच तयार नव्हता.

"तू नीट टाकत नसशील," फोनवर थोरली म्हणाली. "मनगटातून टाक."

"ताई, तुझा जावई आहे, तूच ये आणि मनगटातून टाक."

"मला येता आलं असतं तर तुझ्या मनधरण्या केल्या असत्या का?"

या बाईने जन्मात कुणाच्या मनधरण्या केल्या नव्हत्या. या शब्दाचा अर्थ ती हुकूम असा लावत असावी.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी चेंडू काठापासून चार हातांवर जाऊन थांबला. होडीवाला आला नव्हता. धाकटीचा संयम संपला. "राहू दे! बस तू! मीच आणते! तुझ्या सासूने मला पगार देऊन ठेवलंय ना!" असं म्हणत तिने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात पाय घातला. दुसरा घातला. तिसऱ्या पावलाला शेवाळलेला दगड लागला आणि ती सरळ मागे पडली.

पाणी मांडीपर्यंतसुद्धा नव्हतं. पण बसलेल्या माणसाला ते गळ्यापर्यंत येतं, आणि घाबरलेल्या माणसाला डोक्यावरून. तिच्या तोंडून एक किंकाळी निघाली, अशी की खुर्चीवरचा जीवरक्षक उभा राहिला.

तो खाली उतरायच्या आत जावई पाण्यात होता. उडी नाही, घाई नाही. नुसता घसरला आणि पोहायला लागला. मागचा पाय पाण्यात हलताना साफ दिसत होता. त्याने तिच्या सदऱ्याची बाही दातांत धरली, वळला, आणि तिला ओढत, वाळूवरून खरडत, काठापर्यंत आणलं. मग अंग झटकून तिच्या तोंडावर उरलेलं पाणी ओतलं आणि तिच्या पोटावर पंजा ठेवून उभा राहिला. ही आता जागची हलता कामा नये, असा त्याचा भाव होता.

जीवरक्षक धापा टाकत आला. "मावशी, बऱ्या आहात ना? गुणी कुत्रा आहे हो!"

"गुणी!" धाकटी ओरडली. बाही खांद्यापासून उसवली होती. "गुणी म्हणे! आठ दिवस याला हात जोडतेय मी!"

डॉक्टरणीला तिने हे सांगितलं तेव्हा अर्थातच तक्रार म्हणून सांगितलं. डॉक्टरणीने पाय दाबून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाली, "चेंडूत त्याला रस नसेल. काहींना काम लागतं, खेळ नको असतो. मग तुम्ही रोज बुडा की."

धाकटीला वाटलं, आता ही पण विनोद करतेय. डॉक्टरीण विनोद करत नव्हती.

आणि म्हणून धाकटी रोज सकाळी बुडायला लागली. जुना, कुणी न्यायला न आलेला एक रेनकोट होता, त्याच्या बाह्या जाड होत्या, तो ती घाले. मांडीएवढ्या पाण्यात जायची, खाली बसायची आणि ओरडायची. जावई यायचा, ओढून काढायचा. ती पुन्हा जायची. तो पुन्हा यायचा, दर खेपेला जास्त वैतागलेला, जणू म्हणत होता, बाई, तुम्हाला पोहता येत नाही तर जाता कशाला? काठावर रोजचे प्रेक्षक जमले. एक आजोबा घरून घडीची खुर्ची घेऊन यायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जीवरक्षक येऊन उभा राहिला. "मावशी, 'वाचवा' असं ओरडायचं नाही. नियम आहे. उद्या खरंच कुणी बुडालं तर लोक म्हणतील, त्याच बाई आहेत, बुडू द्या."

"मग काय ओरडू?"

"काहीही ओरडा. फक्त ते नको."

जावयाला शब्दाशी देणंघेणं नव्हतं, त्याला आवाजातला त्रास हवा होता. आणि आवाजात त्रास आणायचा तर धाकटीला लांब जायची गरज नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिने पहिल्यांदा जे मनात आलं ते ओरडलं: "बटण आधीपासूनच तुटलेलं होतं!"

जावई झपाट्याने निघाला.

दुसऱ्या खेपेला: "पडदा आटला नाही, तुमची खिडकी मोठी आहे!"

मग काय, बांधच फुटला. लाँड्री चालवणाऱ्या माणसाच्या पोटात काय काय साठलेलं असतं ते त्या तळ्याने ऐकलं. संध्याकाळी कपडे टाकून सकाळी मागणारे. खिशात पेन ठेवून शाईला तिला जबाबदार धरणारे. पावती हरवून आवाज चढवणारे. "हा कोट माझा नाही" म्हणून भांडून, घरी जाऊन आपलाच होता हे कळल्यावर पुन्हा तोंड न दाखवणारे. आणि यादी थोरलीवर आली की आवाज एवढा चढे की जावई दोन ढांगांत पोचे: "मनगटातून टाक म्हणे! मनगटातून!"

एकदा ती पाण्यातून ओरडली, "तो डाग माझ्या दुकानातला नाही, तुमच्या जेवणातला आहे!" आणि जावयाने ओढत काठावर आणल्यावर मान वर केली तर समोर पँट वर दुमडून, पाण्यात पाय सोडून तिच्या दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक, एक व्हायोलिनवाला, बसलेला. त्याचाच तो पांढरा शर्ट. दर आठवड्याला त्याच जागी तोच पिवळा डाग, आणि दर आठवड्याला हाच वाद.

धाकटी चिखलात आडवी, पोटावर पंजा. 

व्हायोलिनवाल्याने आपल्या पोटाकडे पाहिलं. "अंड्याचा असेल," तो हळूच म्हणाला. "मी वाकून खातो."

"रुमाल लावा," धाकटी म्हणाली.

"लावतो."

त्यानंतर तो डाग आला नाही. पण म्हणून तिला बरं वाटत होतं अशातला भाग नाही. रोज सकाळी कपडे ओले, केसांत वाळू, दुकान उघडायला उशीर, आणि दिवसभर अंगाला ओल्या कुत्र्याचा वास. स्वच्छ कपड्यांच्या दुकानात हा वास! गिऱ्हाइकं नाक वर करून इकडेतिकडे पाहायची आणि ती इस्त्रीची वाफ जोरात सोडायची. रात्री जावई तिच्या पलंगाशेजारी झोपायचा आणि ती कूस बदलली तरी उठून बघायचा, ही कुठे बुडत तर नाही ना. "झोप रे बाबा," ती अंधारात म्हणायची. "इथे पाणी नाही."

उन्हाळा उतरायला लागला तेव्हा थोरली हॉस्पिटलातून सुटली. कुबडी घेऊन, टॅक्सी करून ती सरळ तळ्यावर आली. धाकटीला सांगितलंसुद्धा नव्हतं. धाकटी त्या वेळी पाण्यात बसून एका मखमली झग्याबद्दल ओरडत होती.

"हे काय चाललंय?" मेट्रनचा आवाज तळ्यावरून गेला. घडीच्या खुर्चीवरचे आजोबा सावरून बसले.

जावई अर्ध्या पाण्यात होता. त्याने थोरलीला पाहिलं, शेपूट पाण्यावर आपटलं, पण आधी धाकटीला बाहेर काढलं. मग थोरलीकडे गेला आणि तिच्या कुबडीभोवती लोळण घेतली. थोरलीने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कान आतून पुसलेले आहेत का ते पाहिलं. मग बोलली ते धाकटीशी.

"तमाशा लावलायस. सगळं गाव हसतंय. याला चेंडूने पोहता येतं."

"टाक मग."

थोरलीने पर्समधून नवा चेंडू काढला आणि टाकला. मनगटातून. चेंडू छान लांब गेला. जावयाने तो कुठे पडला ते नीट पाहिलं, आणि खाली बसला.

"बिघडवलंस तू याला," थोरली म्हणाली.

धाकटीच्या अंगावरून पाणी निथळत होतं, एका बाहीचं अस्तर लोंबत होतं. ती हळू आवाजात सुरू झाली, पण हळू राहिली नाही. "मी बिघडवलं? मला पाण्याची भीती वाटते हे तुला माहीत आहे. तूच घातलीस ती भीती. उन्हाळाभर रोज उतरतेय मी त्यात, याच्या पायासाठी. एकदा तरी विचारलंस, धाकटे, तुझं कसं चाललंय? कान पूस, मनगटातून टाक, वैतागू नकोस! आयुष्यभर तू सांगायचं आणि मी निस्तरायचं. घे, ने तुझा जावई. पाय बरा आहे. मी सुटले."

तिने पट्टा थोरलीच्या हातात दिला. थोरलीने ताठ मानेने तो घेतला आणि टॅक्सीकडे चालायला लागली. दहा पावलंही गेली नसतील, तेवढ्यात पाण्यावरून बदकांची रांग उठली. जावयाने नुसती मान वळवली, ओढही धड नव्हती ती. पण कुबडी घसरली, थोरली तिरकी झाली, आणि धाकटीने धावत जाऊन तिला मागून दोन्ही हातांनी आवळलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. एक कोरडी होती, तीही भिजली.

धाकटीने तिला बाकावर बसवलं.  

"मला आता तो सांभाळता यायचा नाही," थोरली समोर पाण्याकडे पाहत म्हणाली. "डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. घरात जिना आहे, हा असा आहे. म्हणून सरळ इथे आले. वाटलं, तू जरा कुरकुर करशील, मग मी म्हणेन, राहू दे तुझ्याकडेच. तू तर एकदम पट्टाच हातात दिलास."

"मग हे फोनवर सांगायचंस ना!"

"फोनवर मला हुकूम देता येतो. विनंती जमत नाही."

धाकटीला इतका संताप आला की तिला हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून पुन्हा संताप आला. "अगं पण म्हणून मला बिघडवलंस म्हणायचं?"

"ते खरंच आहे. बिघडलाय तो." थोरलीने जावयाच्या मानेत बोटं घातली. "माझ्याकडे असताना मी कधी ओरडले तर पलंगाखाली जाऊन बसायचा. तुझ्यासाठी पाण्यात येतो."

 धाकटीने रेनकोट पिळला.

जावई धाकटीकडेच राहिला. पण भानगड तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी दारात टॅक्सी थांबली आणि थोरली उतरली. "त्याला भेटायला आले," म्हणाली आणि काउंटरमागच्या एकुलत्या एक खुर्चीत बसली. त्याच्या पुढच्या दिवशी आली. मग रोजच यायला लागली, स्वतःची उशी घेऊन. पावत्या फाडायला लागली. गिऱ्हाइकांचे खिसे त्यांच्यादेखत उलटे करून दाखवायला लागली. "हे पेन कुणाचं? आणि उद्या म्हणाल शाई आमची!" पावती हरवलेला एक वकील आवाज चढवायला गेला, तर तिने त्याला बाकावर बसवून घेतलं, आणि तो बसला.

धाकटीला दुकानात श्वास घ्यायला जागा उरली नाही. मागच्या खोलीत इस्त्री करताना तिच्या कानावर पडायचं, "धाकटे, हा कोट जास्त वाफाळू नकोस!" "धाकटे, जावयाचं पाणी संपलंय!" ती दात-ओठ खात कॉलरवरून इस्त्री फिरवायची.

पहिला गार वारा सुटला आणि डॉक्टरणीने सांगितलं, आता पोहायची गरज नाही, पाय पक्का झाला. थोरली काउंटरवरून म्हणाली, "बरं झालं. आता सकाळी लवकर दुकान उघडता येईल. उद्यापासून साडेसातला."

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. "साडेनऊला," ती आतूनच म्हणाली. "आधी मी तळ्यावर जाणार."

"कशाला? डॉक्टर नाही म्हणाली ना?"

"त्याच्यासाठी नाही. तिथे जीवरक्षक मला पोहायला शिकवतो म्हणालाय. बुडायचं कसं ते येतं, म्हणे, आता उरलेलं अर्धं शिका."

 बाहेरून थोरलीचा आवाज: "थंडीत? या वयात? तुला जमायचं नाही."

"तू दुकान बघ, ताई," धाकटी म्हणाली आणि वाफ सोडली.